बेचाळिसावी प्रस्तावना

३ जुलै, गुरुवार

सकाळी अकराच्या सुमाराला जयवंताबाई आल्या. बेगम बाजारात नवऱ्याबरोबर मसाल्याचं ठोक दुकान चालवतात. माहेर-सासर दोन्ही परभणीकडचं, शेतकरी. हैदराबादच्या आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांना गेली चार-पाच वर्षं शेवटच्या रांगेत दिसतात. "कुणाला काही विचारायचंय का" असं निवेदकानं म्हटलं की खाली बघतात. आज त्यांच्या हातात निळी फाइल होती, आत दोनशे दहा पानं, सगळ्या गोष्टी. दुसऱ्या हातात पिशवी. त्यात धने, शहाजिरं आणि दगडफूल. मी प्रस्तावना लिहावी म्हणून.

"सर, लेकीनं टाइप केलंय. मी वाचून दाखवायची, ती मोबाइलमध्ये मारायची. तिला मराठी वाचायला बराबर येत नाही, चुका असतील. तुम्ही फुरसतीनं बघा, परेशान होऊ नका."

मी म्हटलं, "ठेवून जा." हे दोन शब्द मी आजवर एकेचाळीस जणांना म्हटले आहेत. मंडळाचा नियमच आहे की मंडळाच्या अनुदानातून निघणाऱ्या पुस्तकाला ज्येष्ठ सभासदाची प्रस्तावना हवी. भरताड पुस्तकं निघू नयेत म्हणून शहाण्णव साली मीच तो लिहून मंजूर करून घेतला. तेव्हा प्रस्तावना लिहिणारे आम्ही तिघं होतो. भगवंतराव गेले, तिसरे मुलाकडे पुण्याला राहायला गेले, उरलो मी.

माझं स्वतःचं पुस्तक नाही. प्रस्तावनांचा संग्रह काढायचं दोनदा ठरलं होतं, पण त्याला प्रस्तावना कुणी लिहायची हे ठरेना, म्हणून राहिलं.

बाईंच्या पुस्तकाचं नाव 'पोत्यावर बसून'. बदलावं लागेल.

५ जुलै, शनिवार

माझी पद्धत ठरलेली आहे. पहिली वीस पानं, शेवटची दहा, मधली एखादी गोष्ट. तेवढ्यावर माणसाचा वकूब कळतो. कॉलेजात तेहतीस वर्षं मराठी शिकवलंय, सगळं भात चिवडून बघायची मला गरज पडत नाही. प्रस्तावनेचा साचाही ठरलेला: दोन पानं परंपरा, एक पान 'प्रस्तुत लेखिका', अर्धं पान उणिवा, शेवटी शुभेच्छा.

काल जेवण झाल्यावर फाइल उघडली ती आज चहाच्या वेळेला मिटली. सगळी दोनशे दहा पानं. असं पूर्वी झालं नव्हतं. भाषा विस्कळीत आहे, मध्येच दखनी येते, मध्येच तेलुगू, त्यामुळे लक्ष देऊन वाचावं लागलं. दुसरं काही कारण नाही.

एक गोष्ट आहे, 'मिरची' नावाची. गोदामात मिरचीचे देठ खुडणारी बाई. दिवसभर हात मिरचीत, कितीही धुतले तरी आग जात नाही. घरी लेकरू तापानं फणफणलेलं, आणि त्या हातांनी त्याला शिवायची सोय नाही. ती शेजारणीला म्हणते, "जरा त्याच्या कपाळाला हात लावून सांग मला, उतरला का." एवढंच. पुढच्या ओळीत ती चूल पेटवते.

मी असतो तर तिथे आणखी अर्धं पान लिहिलं असतं.

८ जुलै, मंगळवार

स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज आला. फोन असेल म्हणून डोकावलो तर विमल एकटीच ओट्याला टेकून उभी, हातात ती निळी फाइल. कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या याचं तिला भान नव्हतं.

"अहो, ही सासू बघा. पंख्यालासुद्धा हळू फिर म्हणते, बिल येईल."

"ते प्रस्तावनेसाठी आलंय. तेलाचे हात लावू नकोस," मी म्हटलं.

लग्नाला चाळीस वर्षं झाली. माझी प्रत्येक प्रस्तावना मी आधी विमलला वाचून दाखवतो. ती डोळे मिटून ऐकते, "छान झालीय" म्हणते आणि संध्याकाळी भाजी कोणती करू ते विचारते. ऐकता ऐकता हसल्याचं मला आठवत नाही. अर्थात प्रस्तावना ही काही हसण्याची गोष्ट नव्हे.

फाइल टेबलाच्या खणात ठेवली.

२१ जुलै, सोमवार

काल बोनालूच्या मिरवणुकांमुळे रस्ते बंद होते, घरीच होतो. परंपरेची दोन पानं झाली. 'प्रस्तुत लेखिका'पाशी आलो आणि लेखणी अडली. शेवटी लिहिलं, "श्रीमती जयवंताबाई यांचा हा पहिलाच प्रयत्न असून तो प्रांजळ आहे."

'प्रांजळ' हा शब्द मला फार उपयोगी पडलेला आहे. लिहिणारा खूश होतो आणि जाणत्यांना जे कळायचं ते कळतं. आज मात्र ते वाक्य वाचताना गोदामातली ती बाई समोर आली आणि मी ते खोडलं. मग पुन्हा लिहिलं.

विमल विचारत होती, फाइल कुठे आहे, तिच्या शेवटच्या दोन गोष्टी राहिल्यात. म्हटलं, माझं काम चालू आहे.

२ ऑगस्ट, शनिवार

मंडळाचा चिटणीस अभिजीत. पोरगा उत्साही आहे, मराठी अडखळत वाचतो, मेसेज इंग्रजी अक्षरांत लिहितो. त्यानं सकाळी बाईंच्या गोष्टीतलं एक पान मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलं. दुपारपर्यंत चौसष्ट जणांनी अभिप्राय दिले. लातूरहून कुणी विचारतंय पुस्तक कुठे मिळेल. माझ्या सत्तरीला या गटावर अकरा शुभेच्छा आल्या होत्या, त्यातले तीन नुसते अंगठे.

मी चौसष्टच्या चौसष्ट वाचले. दोनदा. एकानं लिहिलंय, 'हैदराबादच्या मराठीला अखेर आवाज मिळाला.' अखेर म्हणजे काय? आम्ही इतकी वर्षं काय करत होतो?

नंतर अभिजीतचा फोन आला. "सर, तुमची प्रस्तावना आली की मॅटर प्रेसला देतो. तीस सप्टेंबरच्या आत गेलं नाही तर ग्रँट लॅप्स होईल. पुढच्या वर्षी कमिटी बदलणार, मग काही सांगता येत नाही. जयवंतामॅडम रोज विचारतात."

"चांगली प्रस्तावना मागितल्याबरोबर होत नसते," मी म्हटलं आणि फोन ठेवला. बऱ्याच दिवसांनी माझ्या हातात काहीतरी आहे असं वाटलं. हे इथे लिहून टाकतो, इथे कोण वाचणार आहे.

११ ऑगस्ट, सोमवार

जयवंताबाई आल्या होत्या. खुर्चीच्या कडेवर बसल्या. मी आधी किरकोळ गोष्टी सांगितल्या. नाव बदला, सुरुवातीला मनोगत जोडा, बोलीचा अतिरेक टाळा. त्या वहीत लिहून घेत होत्या. त्यांचं ते मान डोलवणं बघून माझा धीर वाढत गेला आणि मी म्हटलं, "'मिरची' काढून टाका."

पेन थांबलं. "वाईट आहे का सर?"

"वाईट नाही म्हणत मी. अपुरी आहे. वाचकाला तुम्ही अर्ध्या रस्त्यात सोडून देता."

त्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. खाली नारायणगुड्याच्या चौकात नेहमीचा गोंधळ चालला होता. "मला वाटत होतं, तीच एक बराबर जमली," त्या म्हणाल्या. "माझ्या मोठ्या जावेची गोष्ट आहे ती. पण तुम्ही बोलताय तर काढते. तुम्हाला जास्त समजतं."

फाइल मागून घेतली, त्यातली अकरा पानं त्यांनी स्वतःच्या हातानं काढली, दुमडून पिशवीत ठेवली आणि फाइल मला परत दिली. मला वाटलं होतं त्या थोड्या तरी भांडतील. भांडल्या असत्या तर मी ऐकलं असतं. खरंच ऐकलं असतं.

जाताना वाकून नमस्कार केला. मी "असू द्या, असू द्या" म्हटलं.

१२ ऑगस्ट, मंगळवार

जाणकारानं कधीकधी कठोर व्हावं लागतं. पुढे त्याच आभार मानतील.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

प्रस्तावना चौदा पानांवर गेली. परंपरेतून मी निजामाच्या राजवटीतल्या मराठी शाळांवर आलो, तिथून वडिलांवर (ते उर्दूत शिकले आणि मराठीतून डायरी लिहीत), तिथून माझ्या विद्यार्थिदशेवर, आणि मग १९८३ साली मी लिहायला घेतलेल्या कादंबरीवर. ती का पूर्ण झाली नाही याची मीमांसा चार पानांत आली आहे. माझं आजवरचं सर्वांत सखोल लेखन हेच असावं.

अभिजीत रोज फोन करतो, मी उचलत नाही. संध्याकाळी पुन्हा वाचून काढलं तेव्हा लक्षात आलं, चौदा पानांत जयवंताबाईंचं नाव दोन वेळा आलंय. एकदा शीर्षकात.

९ सप्टेंबर, मंगळवार

गणपती बसले, गेले. आज मी खाली भाजी आणायला गेलो असताना विमलनं खण उघडून फाइल घेतली. परत आलो तेव्हा चष्मा लावून टेबलाशी बसली होती.

"मिरचीची गोष्ट कुठाय?"

"कुठली?"

"ती तापाची. आता यात नाही. अनुक्रमणिकेत काट मारलीय, लाल पेन तुमचं आहे."

"ती अपुरी होती. मी काढायला सांगितली."

तिनं पान उलटलं. मला वाटलं विषय संपला, म्हणून मी पिशवीतली दोडकी टोपलीत ठेवू लागलो.

"तुम्हाला आठवतं, जुलैत एकदा गवार करपली होती? तुम्ही चिडला होता. तेव्हा मी ही गोष्ट वाचत होते." मग चष्मा काढून हातात धरत म्हणाली, "चाळीस वर्षं तुमचं ऐकतेय मी. तुमच्या एखाद्या पानापायी माझी भाजी करपली असती ना, तर मला खूप आवडलं असतं."

ती हे रागानं म्हणाली नाही. रागानं म्हणाली असती तर मला उत्तर सुचलं असतं. मग साडी बदलून, पर्स घेऊन बाहेर गेली. कुठे जातेस विचारलं तर म्हणाली, "बेगम बाजारात. हळद संपलीय."

हळदीचा डबा मी उघडून बघितला. अर्धा भरलेला होता.

२३ सप्टेंबर, मंगळवार

गेले दोन आठवडे आम्ही जेवणाखाण्यापुरतं बोलतोय. मी प्रस्तावना चौदा पानांवरून बारावर आणली. बाईंबद्दल एक परिच्छेद वाढवला. त्यात 'प्रांजळ' आहेच. विचार असा होता की एकोणतीस तारखेला संध्याकाळी अभिजीतला बोलावून हातात द्यायची. त्यांना थोडी वाट बघू दे.

आज अभिजीतचाच फोन. "मुकुंदराव सर, थँक्यू हां. काल मॅटर प्रेसला गेलं."

"कसं गेलं? प्रस्तावना माझ्यापाशी आहे."

"वहिनींनी दिली ना सर. मला वाटलं तुम्हाला माहीतय."

मी म्हटलं, नियम ज्येष्ठ सभासदाचा आहे. तो म्हणाला, "हौ सर, म्हणून रजिस्टर बघितलं. वहिनी चौऱ्याण्णवपासून आजीव सभासद आहेत. फॉर्मवर तुमचीच सही आहे."

तेव्हा वार्षिक सभेला माणसं पुरी पडत नसत. गणसंख्या भरावी म्हणून मी तिला सभासद करून घेतलं होतं. एकतीस वर्षं ती प्रत्येक सभेला आली, सही केली आणि मागे बसून राहिली. मी तिला कधी विचारलं नाही की तिथे बसून तू काय ऐकतेस.

२४ सप्टेंबर, बुधवार

सकाळी विमलनं दोन कागद माझ्यासमोर ठेवले. "वाचा. आता दुरुस्त करू नका, गेलंय ते."

उतरवून ठेवतो, सगळं नाही, मधलं:

"मी पुस्तकांवर लिहिणारी नाही, आमच्या घरात ते काम मुकुंदराव करतात. पण या गोष्टी मी ओट्यापाशी उभी राहून वाचल्या. बेगम बाजारातून मी चाळीस वर्षं सामान आणते. पोत्यामागे बसलेली बाई मला तोलून देता देता काय बघत असेल, हे माझ्या मनात कधी आलं नाही. पुस्तक वाचून झाल्यावर मी तिच्याकडे हळद घ्यायला गेले आणि पहिल्यांदा तिच्या हातांकडे बघितलं. तुम्हीही वाचा. मधलं काही गाळू नका."

लाल पेन हातात होतं. 'पहिल्यांदा तिच्या हातांकडे बघितलं' इथे काही घालता येईल का बघितलं. काही घालता येत नव्हतं. परंपरा नाही, उणिवा नाहीत, शुभेच्छा नाहीत, आणि प्रस्तावना मात्र पूर्ण होती. मला इतका हेवा वाटला की तोंड कडू झालं. जयवंताबाई परक्या तरी होत्या. ही माझ्या घरात, माझ्याच टेबलावर बसून, मी भाजी आणायला जातो तेवढ्या वेळात लिहीत असणार. आणि मला वाटत होतं की या घरात लिहिणारा मी एकटाच.

"कसं झालंय?" तिनं विचारलं.

"ठीक आहे," मी म्हटलं. ती हसली आणि कागद घेऊन गेली.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

खाली पार्किंगमध्ये बतुकम्माची गाणी चालू आहेत, विमलही शेजारच्या बायकांबरोबर फेर धरायला गेलीय. मी ती बारा पानं फाडली. वाईट वाटलं नाही, हे बघून वाईट वाटलं.

मग एक कोरा कागद घेतला. कच्चं न करता एकदाच लिहिलं, एका बाजूला, खोडाखोड न करता. जयवंताबाईंना. 'मिरची' मी काढायला का सांगितली ते लिहिलं. ती अपुरी नव्हती आणि मला ते त्या दिवशीही माहीत होतं, हे लिहिलं. चौसष्ट अभिप्राय मी दोनदा वाचले हेसुद्धा लिहिलं. आणि मग पुस्तकाबद्दल जे जुलैपासून मनात होतं ते सगळं आलं, आपोआप, कुठलीही परंपरा न आठवता. कागद संपला तेव्हा थांबलो. पुन्हा वाचला नाही. वाचला असता तर दिला नसता.

२७ सप्टेंबर, शनिवार

रिक्षानं बेगम बाजारात गेलो. किती वर्षांनी गेलो देव जाणे, सामान नेहमी विमलच आणते. गल्लीत शिरल्यापासून शिंका सुरू. दुकान सापडायला वेळ लागला. जयवंताबाई खरोखरच पोत्यावर बसल्या होत्या, दोन तेलुगू बायकांशी भावावरून हुज्जत घालत होत्या. मंडळात खाली बघणारी बाई ही नव्हे. मला बघून उठल्या, पदरानं स्टूल पुसलं.

"सर, तुम्ही कशाला आलात, मी आले असते ना."

मी कागद दिला. म्हटलं, मॅटर गेलंय ते ठाऊक आहे, पण प्रुफं यायची आहेत, तुम्हाला वाटलं तर विमलच्या प्रस्तावनेनंतर हे एक पान घाला. नाव माझं घालू नका वाटलं तर. हे शेवटचं मी का म्हटलं ते मला समजत नाही. नाव घालावं असंच मला वाटत होतं.

त्या उभ्यानं वाचू लागल्या. ओळीखाली बोट ठेवून, हळूहळू. मध्ये एक गिऱ्हाईक आलं, त्याला हातानंच थांब म्हटलं. अर्ध्यावर आल्यावर बोट थांबलं, बराच वेळ तिथेच राहिलं. तिथे मी काय लिहिलंय ते मला ठाऊक होतं. मान वर करून त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा वाचू लागल्या. शेवटी डोळे पुसले. मिरचीच्या दुकानात डोळे पुसण्यावरून काही ठरवता येत नाही.

"मी त्या दिवशी घरी जाऊन ती अकरा पानं जाळणार होते, सर," त्या म्हणाल्या. "गॅसपाशी गेले होते. लेकीनं हातातून घेतली. वहिनी आल्यावर पुस्तकात परत लावली."

त्यांनी कागदाची चौघडी केली, ब्लाउजमधल्या छोट्या पाकिटात ठेवली.

"हे पुस्तकात नको सर. हे तुम्ही मला लिहिलंय."

मी म्हटलं, ठीक आहे. खाली उतरलो. दहा पावलं गेलो असेन. मग लक्षात आलं की माझ्यापाशी त्याची नक्कल नाही. एकेचाळीस प्रस्तावनांच्या नकला मी फायलीत लावून ठेवल्या आहेत, आणि याची नाही. परत फिरलो.

"जयवंताबाई, समोर झेरॉक्सचं दुकान आहे. पाच मिनिटांत आणून देतो."

त्यांनी पाकिटावर हात ठेवला. "नक्को सर. घरी नेलं की तुम्ही सुधारत बसाल."

हे त्यांनी अगदी प्रेमानं सांगितलं. मग त्या ताटकळलेल्या गिऱ्हाइकाकडे वळल्या आणि धन्याच्या पोत्यात हात घातला.

आता दुपारचे साडेतीन झालेत. मी टेबलाशी बसून ते पान आठवतोय. पहिलं वाक्य पाठ आहे: "हे पुस्तक वाचून मला तुमचा हेवा वाटला." त्याच्या पुढचं तीन वेळा लिहून बघितलं. तिन्ही वेळा बरं झालं, पण ते ते नव्हे.